तात्यांचं चमचाभर रक्त

एका माणसाच्या हातातून चमचाभर रक्त काढायचं, एवढाच माझा बेत होता. त्यात पुढे एक हापसा, एक ग्रामपंचायत आणि दोन राज्यं सामील होतील, असं मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर मी ते रक्त कोल्हापूरच्या पंचगंगेत सोडून दिलं असतं आणि मोकळी झाले असते. पण अशा गोष्टी सुरुवातीला कुणी सांगत नाही.

तो माणूस म्हणजे माझे काका, महादेव तात्या. मुक्काम कोगनोळी, कर्नाटकाच्या हद्दीतलं पण महाराष्ट्राला चिकटलेलं गाव, टोलनाक्यावरच्या ट्रकांचे हॉर्न घरात ऐकू येतात इतक्या अंतरावर. उन्हाळ्यात माझे वडील गेले. त्यांना सगळेच अण्णा म्हणत, मीही. लिव्हर खराब झालं होतं, आणि ते कशानं झालं हे अगदी शेवटी बेळगावला कळलं. रक्तात हेपटायटिस बी निघाला. आईचं आणि माझं रक्त तेव्हाच तपासून झालं, आम्हा दोघींत काही नव्हतं, लसही टोचून झाली.

नंतर एकदा मी अण्णांचे कागद आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टर, भैरवी मॅडम, सही करता करता म्हणाल्या, "भावंडं आहेत का त्यांना?"

"एक धाकटा भाऊ."

"तब्येत कशी आहे?"

"दोन वर्षांपासून लिव्हरचंच चाललंय. पाय सुजतात, भूक नाही. सोनोग्राफीच्या फोटोत लिव्हर खडबडीत दिसलंय म्हणतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांचं हेपटायटिस बी कुणी पाहिलं का?"

कुणी पाहिलं नव्हतं. एका डॉक्टरांनी तूप बंद केलं होतं, दुसऱ्यांनी तिखट, आणि रक्ताकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, लिव्हरचा आजार जुना असेल तर ही तपासणी एकदा करायचीच असते, आणि सख्खा भाऊ असा गेला असेल तर आजच करायची. निघालाच तर रोजची एक गोळी आहे. विषाणू जात नाही, पण दबून राहतो, आणि लिव्हरची पडझड पुष्कळदा तिथेच थांबते. उशीर मात्र करू नका.

मी विचारलं, हा आला कुठून? त्या म्हणाल्या, बहुतेक लहानपणी. कधी जन्मताना आईकडून येतो, कधी न उकळलेल्या सुईतून, कधी वस्तऱ्यावरून. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून हा प्राणी आमच्या घरात राहत होता, रेशनकार्डावर नाव नसताना. अण्णांनी त्याला जेवू घातलं, बदलीच्या गावी बरोबर नेलं, माझ्या लग्नात मिरवलं, आणि नीट ओळख व्हायच्या आत दोघेही गेले. या प्राण्याची मला त्या दिवसांत विलक्षण उत्सुकता वाटत असे. रडू येण्यापेक्षा ते बरं होतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी कोगनोळीला गेले. तात्या ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. दारूच्या थेंबाला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. लिव्हरवाल्या माणसाला हे इतक्यांदा सांगावं लागतं की आता ते नमस्कारासारखं आपोआप तोंडातून येतं.

"तात्या, रक्त तपासायचंय तुमचं."

"माझं कशाला? माझी कावीळ उतरली न्हवं!"

"कोण म्हणालं?"

"माळ म्हणाली." आतून मालुकाकूंनी दुजोरा दिला. "पार घोट्यापातूर आलती. मी ह्या डोळ्यांनी बघितलीया."

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. इथे कावीळ झाली की माणूस आधी मष्णूमामाकडे जातो. मामा कसल्याशा रोपाच्या बारक्या काड्या दोऱ्यात गाठी मारत गुंफतो आणि डोक्यावर मुकुटासारखी जेमतेम बसेल एवढी माळ करून देतो. मग ती माळ दिवसागणिक वाढत जाते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून कमरेखाली, आणि शेवटी पायातून निघून जाते. तिच्याबरोबर कावीळ जाते. तात्यांची माळ गेल्या वर्षी पायातून गेली होती, आणि तेव्हापासून ते बरे होते. पाय सुजत होते ते वेगळं. ते गॅसमुळे.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा कशाला म्हणायचं, यावर माझं एक व्याख्यान आहे आणि ते बरं होतं असं विद्यार्थी म्हणतात. ते मी ओसरीवर बसून तात्यांना ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "तेच की गं. पुरावा म्हंजे माळच."

शेजारच्या बेबीआक्का एव्हाना भिंतीवरून डोकावत होत्या. त्यांच्याकडे प्रत्येक रोगावर उसाचा रस आहे. फक्त लिंबू घालायचं की नाही एवढंच रोगाप्रमाणे बदलतं. तात्यांना बिनलिंबाचा सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "एक इचारू का रचू? अण्णा नोकरीपायी लई गावं फिरलं. बाहेर कधीमधी घेत असतील, न्हाय का? लिव्हर उगंच जातंय व्हय?"

अण्णा सोडा पीत नसत, त्यात बुडबुडे असतात म्हणून. पण मी हे सांगितलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्या बाजूनं वाद घालताना आवाज चढतो, आणि मला तो चढवायचा नव्हता.

काकूंनी भुणभुण केली म्हणून तात्या अखेर एका अटीवर तयार झाले. तपासणी सरकारी हवी. "खाजगीवाला पैशासाठी रोग काढतोय. सरकारला माझ्यात काय इंटरेस्ट?" सरकारला खरोखरच नव्हता. अलीकडच्या सरकारी दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी कन्नडमध्ये फाइल मागितली, मी दिली. त्यांनी ती उघडली आणि गरम तव्यासारखी परत सरकवली. फोटो सीमेपलीकडे काढलेला होता. तो इथं चालणार नाही, इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि डॉक्टर मीटिंगला गेलेत. मग आम्ही सीमा ओलांडून पलीकडच्या दवाखान्यात गेलो. तिथं फोटो चालला, पण आधार चाललं नाही, कारण ते कर्नाटकाचं. थोडक्यात, लिव्हर कर्नाटकात, त्याचा फोटो महाराष्ट्रात, आणि दोघांची गाठ घालून देणारा साहेब कुठल्याच राज्यात जागेवर नाही. मी पलीकडच्या कारकुनाला इंग्रजीत चार वाक्यं सुनावली. तो म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला, इथं कानडी चालत नाही."

परतताना तात्या एस्टीत खुशीत होते. "बघ रचू, दोन-दोन सरकारांनी बरा म्हणून घरी लावून दिला मला."

त्या रात्री मला झोप येईना, आणि सकाळी मी मष्णूमामाकडे जाऊन बसले. भांडायला नव्हे. मला खरंच कळत नव्हतं की माळ वाढते कशी. मामा गरीब स्वभावाचा माणूस. नारळापलीकडे काही घेत नाही. तो ओल्या हिरव्या काड्यांना दोऱ्याचे फास आवळत होता.

"मामा, काड्या ओल्याच लागतात?"

"व्हय. वाळक्या मोडत्यात."

मी बघत राहिले. ओली काडी घट्ट आवळली, ती वाळली की आकसणार, फास सैल पडणार, आणि प्रत्येक गाठ दोरा थोडा थोडा सोडत जाणार. माळ वाढणारच. इतकी सुंदर युक्ती मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती, आणि ती मामालाही ठाऊक नव्हती. त्याला ती त्याच्या बापानं दिली होती.

"मला एक द्या, मामा."

"तुला कावीळ हाय व्हय?"

"नाही."

"मग न्हाय उतरायची."

हे उत्तर मला फार आवडलं. यात पडताळून बघण्यासारखं काहीतरी होतं. मी एकाऐवजी दोन माळा घेतल्या. एक माझ्या डोक्यावर ठेवली. दुसरी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशाच्या गळ्यात, म्हणजे जिथं पाण्याची तोटी फुटते त्याच्या वर, घट्ट बसवली. हापसा लोखंडाचा. त्याला लिव्हर नाही. आता बघू.

ऊन चांगलं होतं. माझी माळ पहिल्यांदा भुवयांवर आली, मग गळ्यात. हापशाची तोटीवरून सुटून खाली लोंबू लागली. पोरंठोरं रोज येऊन बघून जात. माझी कमरेखाली उतरली आणि हापशाची जमिनीला टेकली, त्या संध्याकाळी मी तात्यांना, काकूंना आणि आपोआप जमलेल्या साऱ्या गल्लीला हापशापाशी उभं केलं.

"हे बघा," मी म्हणाले. "मला कावीळ नाही. माझ्याकडे तपासणीचा कागद आहे. तरी माळ उतरली. हापसा तर माणूसच नाही, तरी त्याचीही उतरली. म्हणजे यावरून काय सिद्ध होतं?"

सगळे गप्प झाले. मला वाटलं, पटलं. इतिहासाच्या वर्गात अशी शांतता क्वचित मिळते.

मग बेबीआक्कांनी पदर तोंडाला लावला. "आगं बाई! हापशाला बी हाय!"

"तरीच!" पलीकडचा यल्लाप्पा म्हणाला. "कावीळ पाण्यातनंच येती की. आणि ही पोरगी चार दिस ह्याचंच पाणी पितीया. कागद जुना, कावीळ नवी!"

 तर्काच्या प्रत्येक पायरीवर पाय ठेवून गल्ली खाली उतरली होती आणि भलत्याच विहिरीत पोचली होती. दिवे लागायच्या आत हापशाला बाभळीचे काटे बांधले गेले. दुसऱ्या दिवशी मष्णूमामाच्या दारात रांग लागली. घरटी माळ आली, आणि आली तशी उतरू लागली. म्हणजे सगळ्यांनाच कावीळ होती. यल्लाप्पानं म्हशीलाही घातली. तिची उतरली नाही, कारण तिनं ती खाल्ली.

या सगळ्यात एकटे तात्या निर्धास्त. "माझी गेल्या सालीच उतरलीया," ते प्रत्येकाला सांगत. गल्लीत ते आता एकमेव निरोगी माणूस होते.

तक्रार पंचायतीत गेली. पीडीओ साहेब, म्हणजे पंचायतीचे अधिकारी, स्वतः मोटारसायकलवरून आले. तिकडे धारवाडकडचे, मराठी जपून बोलणारे तरुण गृहस्थ. त्यांनी हापशाकडे पाहिलं, जमिनीवर पडलेल्या माळेकडे पाहिलं, आणि फोटो काढला.

"हे कोणी लावलं?"

सगळ्या गल्लीनं माझ्याकडे बोट दाखवलं, पण अभिमानानं. हापशाची कावीळ ओळखणारी मी पहिली होते. "बेळगावच्या प्रोफेसर हायत," यल्लाप्पा म्हणाला. साहेबांनी मला "मॅडम, गुड वर्क" म्हटलं. इतकी वर्षं शिकवून हे मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं आणि तेही अशा कामासाठी. मी त्यांना बाजूला घेऊन काड्या वाळण्याचं सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि वर कळवलं की गावात कावीळ पसरली आहे.

मग काय झालं, तर ज्या खात्यानं एका माणसासाठी चिठ्ठी मागितली होती त्याच खात्यानं एका हापशासाठी गाडी पाठवली. गाडीत नागेंद्र नावाचा लॅबवाला होता. वरच्या पत्रात नुसतं 'कावीळ' होतं, कुठली ते नव्हतं. म्हणून कावीळ म्हणता येईल अशा सगळ्या तपासण्यांची खोकी त्यानं भरून आणली होती. त्यात हेपटायटिस बी होतं. मी ते खोकं वाचलं आणि शाळेच्या व्हरांड्यात, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर, क्षणभर बसून घेतलं.

शाळेत भरलेल्या तपासणी शिबिराचा ताबा तात्यांनी घेतला. पांढरी टोपी घालून सकाळीच हजर. बायांची रांग वेगळी, म्हाताऱ्यांना खुर्ची. घाबरलेल्यांना ते धीर देत होते. "काय न्हाय गं, मुंगी चावल्यागत. तिकडं बघू नको, माझ्याकडं बघ."

"तात्या, तुमी दिलंय व्हय रक्त?" बेबीआक्का हात आखडून म्हणाल्या.

"मला काय गरज? तुमी बसा."

दुपार कलली. रांग संपली. नागेंद्र कापूस गोळा करत म्हणाला, "आता कोण राहिलं?"

"कोण न्हाय," तात्या म्हणाले आणि सतरंजी गुंडाळायला लागले.

मी सतरंजीवर उभी राहिले. "तात्या, तुमच्या एका तपासणीसाठी मी हापशाला कावीळ केली."

ते हसले. खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तसेच त्या बुटक्या बाकावर टेकले, गुडघे छातीशी घेऊन.

"रचू, समज निघालं माझ्यात."

"निघालं तर गोळी आहे."

"तेच म्हणतोय मी. गोळी घिऊन मी चांगला ऱ्हायलो. मग अण्णाचं काय झालं?" ते सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत होते. "आत्ता मी म्हणतो, त्याचं आयुष्य तेवढंच व्हतं. तेवढं म्हणून झोपतो गं मी. गोळी लागू पडली, तर मग त्याचं आयुष्य तेवढं नव्हतं. कुणी बघितलंच न्हाय, असं झालं. मग मी काय म्हणून झोपायचं?"

नागेंद्र खोकी बांधण्यात गुंतल्यासारखं करत होता.  'कुणी बघितलंच नाही' हे वाक्य मीही उन्हाळ्यापासून उशाशी घेऊन झोपत होते, फक्त ते माझं एकटीचं आहे असं मला वाटत होतं.

"ते तसंच झालंय, तात्या," मी म्हणाले. "कुणी बघितलं नाही. तुम्ही तपासलं नाहीत तरी ते तसंच राहणार. फक्त मग तसं दोनदा झालं, असं होईल."

व्हरांड्याबाहेर यल्लाप्पाची म्हैस शाळेच्या कुंपणाची मेंदी खात होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाहीचं बटण काढलं. "ए बाबा, सोड ती खोकी. अजून एक हाय."

नागेंद्रला शीर सापडेना. या हाताला नाही, त्या हाताला नाही. "कुठं लपवली, मामा?" "मला काय म्हायती? लहानपणापासनं भित्री हाय ती." शेवटी सापडली. चमचाभर रक्त काचेच्या नळीत गेलं. दिसायला ते सगळ्यांसारखंच होतं.

निकाल आले. हापशाचं पाणी स्वच्छ. गल्लीतल्या एकाच्याही रक्तात काही नाही, तात्या सोडून. मला वाटलं, निदान आता तरी माळेचा निकाल लागेल. पण गल्लीनं उलट मष्णूमामाला टॉवेल-टोपी दिली. सगळ्यांच्या माळा उतरल्या होत्या, म्हणून तर सगळ्यांचे कागद कोरे आले! मामा मात्र संकोचून तात्यांकडे आला आणि म्हणाला, "तुमची माझ्या माळंतली न्हाय. ही सरकारी कावीळ हाय, ती सरकारनंच उतरवावी." पीडीओ साहेबांनी साथ आटोक्यात आणल्याचं वर कळवलं. मी सगळं पुन्हा एकदा समजावून सांगायला सुरुवात केली होती, पण काकूंनी मला जेवायला बोलावलं.

बेळगावला भैरवी मॅडमनी पुढच्या तपासण्या केल्या. विषाणू भरपूर होता, लिव्हर दुखावलं होतं, पण अजून हाताशी होतं. सौरव, म्हणजे तात्यांचा मुलगा, हुबळीला असतो; त्याला आधी तपासणी आणि मालुकाकूंना लस लिहून दिली. तात्यांनी मीच विचारलेला प्रश्न विचारला: आलं कुठनं? मॅडम म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, पण दोन्ही भावांत आहे, म्हणजे कदाचित आईकडून.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "आईनं दोघांस्नी सारखंच दिलं म्हणायचं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

पहिली गोळी त्यांनी माझ्याच घरी घेतली. आईनं पाण्याचा तांब्या आणला. मी डबी उघडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते ती उलटसुलट बघत राहिले.

"एवढीशीच?"

"एवढीच. रोज एक."

अण्णांना गोळ्या गिळता येत नसत. शेवटच्या महिन्यांत मी त्या कुटून केळ्यात घालून देत होते आणि तरी ते तोंड फिरवत. तात्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते, त्यांनी ते पाहिलं होतं.

"ही तर अण्णानं बी घेतली असती," ते म्हणाले.

आई आत निघून गेली. तात्यांनी गोळी जिभेवर ठेवली, तांब्या वर धरून पाणी प्यायले आणि मिशा पुसल्या.

मग त्यांनी हात पुढे केला. "ती डबी इकडं दे. उद्याची माझ्यापाशी असू दे."